श्रीशैलच्या जंगलवाटेचा बनावट रात्रपास

नल्लमलाच्या जंगलातून आंध्र प्रदेशातील श्रीशैलला जाणाऱ्या मराठी भाविकांना धर्मशाळेतील खोली, स्पर्शदर्शनाची (लिंगाला हात लावून घ्यायच्या दर्शनाची) तिकिटे आणि वनखात्याचा पास असे सारे एकत्र मिळवून देतो, असे सांगून पैसे उकळणारे लोक सध्या सक्रिय आहेत. गेल्या कार्तिकात आमच्या कुटुंबाची अशीच फसवणूक झाली. आम्हाला फसवणाऱ्या माणसाने काय सांगितले, काय विकले आणि त्यातले खोटे कोठे उघडे पडले, हे तपशिलाने लिहीत आहे, कारण त्याचे लक्ष्य प्रामुख्याने सोलापूर, लातूर, नांदेडकडचे भाविक आहेत, असे त्याच्या बोलण्यावरूनच दिसते.

सोलापूरकरांना श्रीशैल परके नाही. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, म्हणजेच सिद्धेश्वर महाराज, बालपणी मल्लय्याच्या (मल्लिकार्जुनाच्या) शोधात श्रीशैलला गेले, मल्लिकार्जुनाने दर्शन देऊन त्यांना माघारी पाठवले आणि त्यांनी आपल्या गावात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, ही कथा आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. माझी आई आणि मावशी या दोघींची श्रीशैलची इच्छा बरीच वर्षे राहून गेली होती. मुक्कामासाठी मी आमच्या समाजाच्या एका धर्मशाळेचे नाव मोबाइलवरील नकाशात शोधले. धर्मशाळेचे नाव, फोटो आणि पत्ता बरोबर होता. त्याखाली दिलेला दूरध्वनी क्रमांक मात्र धर्मशाळेचा नव्हता. नकाशावरील अशा नोंदींत बदल सुचवण्याची सोय कोणालाही असते आणि तिचाच गैरवापर करून मूळ क्रमांकाच्या जागी दुसरा घातला जातो, हे नंतर पोलिसांकडून कळले.

फोन उचलणारा माणूस स्वच्छ मराठी बोलत होता. सोलापूरचे नाव ऐकताच त्याने ‘‘सिद्धेश्वर महाराजांच्या गावचे का? मग तुम्ही घरचेच,’’ असे म्हटले आणि आईशीही दोन शब्द बोलला. ‘‘मावशी, तुम्ही फक्त या, बाकीचं आम्ही बघतो.’’ छत्रपती शिवाजी महाराज १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी श्रीशैलला आले होते आणि तेथे त्यांचे स्मारक आहे, हे मराठी यात्रेकरूंना माहीत असतेच. त्याने स्मारकाचे दर्शनही आपल्या यादीत घातले. भाविकाच्या मनात आदराची जी स्थाने असतात, ती हेरून त्यांचा व्यापार करणे हा या फसवणुकीचा मला सर्वांत संतापजनक वाटलेला भाग आहे. पैसे गेल्याचे दुःख त्यापुढे लहान आहे.

दोन खोल्या, चौघांचे स्पर्शदर्शन आणि जंगलातील इष्टकामेश्वरी देवीच्या मंदिरापर्यंतची जीप, असे मिळून त्याने साडेनऊ हजार रुपये यूपीआयने घेतले. पैसे स्वीकारणाऱ्या खात्यावर संस्थेचे नाव नव्हते, एका व्यक्तीचे होते. विचारले तेव्हा ते व्यवस्थापकांचे खाते आहे, असे उत्तर मिळाले. काही मिनिटांत गोपुराचे चित्र, गोल शिक्का आणि खाली तेलुगूतील चार ओळी असलेली पावती आली. आम्हाला दुपारी निघावे लागणार असल्याने पोहोचायला रात्र होईल, असे सांगितल्यावर त्याने आणखी बाराशे रुपयांत ‘वनखात्याचा रात्रपास’ देऊ केला. हैदराबादकडून येणाऱ्या रस्त्यावर मन्ननूरचे फाटक रात्री बंद होते, पण या पासावर गाडी सोडतात, असे त्याचे म्हणणे होते. तो पासही मोबाइलवर आला. त्यावर वाघाचे चित्र होते आणि आमच्या गाडीचा क्रमांक अचूक छापलेला होता.

मन्ननूरला पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजून गेले होते. येथून पुढचा रस्ता अमराबाद व्याघ्र प्रकल्पातून जातो. आंध्र प्रदेशाचे विभाजन होऊन तेलंगणा वेगळे होण्यापूर्वी हे जंगल नागार्जुनसागर–श्रीशैल व्याघ्र प्रकल्पाचाच भाग होते. वन्यप्राण्यांच्या वावरासाठी रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळेत येथे वाहनांना बंदी असते. चौकीतील वनरक्षकाने आमचा पास पाहिला, पडदा दोन बोटांनी मोठा करून तेलुगू ओळी वाचल्या आणि हिंदीत शांतपणे सांगितले की असा पास वनखाते देतच नाही. या ओळी जंगलात प्लॅस्टिक टाकू नये आणि गाडी थांबवून माकडांना खाऊ घालू नये, अशा सूचनांच्या आहेत. रस्त्याकडेच्या एखाद्या फलकाचा फोटो घेऊन तोच मजकूर पासावर चिकटवलेला होता. आम्हाला लिपी वाचता येत नाही, हे गृहीत धरूनच तो पास तयार केलेला होता.

त्या माणसाला फोन लावला तर तो आधी म्हणाला, ‘‘साहेबांशी बोलतो,’’ आणि मग फोन बंद झाला. गुडघेदुखीने बेजार झालेल्या दोन वयस्क बायकांना घेऊन आम्ही मागे अचंपेटला गेलो आणि मिळेल त्या लॉजमध्ये रात्र काढली. सकाळी सहाला फाटक उघडल्यावर पुन्हा निघालो. कृष्णा नदी ओलांडून श्रीशैलला पोहोचल्यावर धर्मशाळेच्या कारकुनाने नोंदवही आमच्यापुढे ठेवली. तिच्यात आमचे नाव नव्हते. त्याच नमुन्याची पावती घेऊन लातूरचे एक कुटुंब आमच्याआधीच तेथे बसलेले होते.

स्पर्शदर्शनाच्या तिकिटांचेही तसेच झाले. श्रीशैलला सर्व जातींच्या भाविकांना मल्लिकार्जुनाच्या लिंगाला स्वतः हात लावता येतो, ही या क्षेत्राची फार मोठी परंपरा आहे आणि तिच्यासाठीच लोक लांबून येतात. मात्र कार्तिकासारख्या गर्दीच्या काळात देवस्थान कित्येक दिवस स्पर्शदर्शन बंद ठेवते. आम्हाला विकलेली तिकिटे अशाच एका दिवसाची होती. आईने रांगेत उभे राहून लांबूनच दर्शन घेतले. इष्टकामेश्वरीचे स्थान तर व्याघ्र प्रकल्पाच्या गाभाक्षेत्रातील जंगलात आहे. तेथे खासगी गाडी जात नाही, वनखात्याच्या नियंत्रणाखालील जीपनेच जावे लागते आणि खात्याने मार्ग बंद ठेवला असेल तर कोणताही दलाल तो उघडून देऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा दुसऱ्या क्रमांकावरून फोन आला. चूक झाली, पूर्ण रक्कम परत करतो, असे म्हणून त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितले. मावशीचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि कोड उघडूच दिला नाही. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी लागतो, पैसे स्वीकारण्यासाठी तो कधीच लागत नाही. आधीच फसवल्या गेलेल्या माणसाला परताव्याची आशा दाखवून पुन्हा लुटण्याचा हा दुसरा डाव होता आणि लातूरच्या कुटुंबाचे आणखी पैसे त्यातच गेले.

आम्ही तेथूनच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. तेथे रक्कम, वेळ, समोरचे यूपीआय खाते आणि व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक विचारतात. ही माहिती हाताशी असेल तर काम लवकर होते. पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्यापूर्वी ते गोठवता यावेत म्हणून तक्रार शक्य तितक्या लवकर, यात्रा संपून घरी परतण्याची वाट न पाहता, करावी लागते. आमच्या रकमेपैकी काही भाग गोठवल्याचा निरोप आला आहे. तो अद्याप हाती आलेला नाही.

खोलीसाठी देवस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच आरक्षण करावे. समाजाच्या धर्मशाळेत उतरायचे असेल तर नकाशावरील क्रमांकावर विसंबू नये. पूर्वी तेथे राहून आलेल्या ओळखीच्या माणसाकडून किंवा आपल्या गावच्या मठाकडून क्रमांक घ्यावा आणि पैसे मागणाऱ्या खात्यावर संस्थेचे नाव दिसत नसेल तर एक रुपयाही पाठवू नये. जंगलाचे फाटक रात्री नऊनंतर उघडून देण्याचे वचन देणारा माणूस खोटेच बोलत आहे, असे समजावे आणि प्रवासाची वेळ त्या हिशेबाने ठरवावी.

धर्मशाळेच्या नोंदीखालील तो क्रमांक आम्ही बदलायला लावला होता, पण काही आठवड्यांत तेथे नवा खोटा क्रमांक आला. गोपुराचे चित्र आणि गोल शिक्का असलेली अशी पावती ज्यांच्याकडे असेल, त्यांनी रक्कम लहान असली तरी तक्रार नोंदवावी; एकाच खात्याविरुद्ध अनेक ठिकाणांहून तक्रारी गेल्या की पोलिसांना त्यांचा परस्पर संबंध जोडता येतो, असे आमची तक्रार हाताळणाऱ्या अधिकाऱ्याने सांगितले आहे.