रात्री खडकातून डोकावणारे कोण? आगंतुक-ओळख संचाचा चार महिन्यांचा अनुभव

प्रवाळांच्या खाऱ्या टाकीत जिवंत खडक, म्हणजे सागरी जीवांची वस्ती असलेला सच्छिद्र खडक, ठेवला की त्याच्या भोकाभोकांत दडून न मागितलेले जीवही येतात. हौशी मंडळी त्यांना सरसकट ‘हिचहायकर’ म्हणतात, मी आगंतुक म्हणतो. नवा खडक टाकीत आल्यापासून तिसऱ्या रात्री काचेवर नखाने टिचकी मारावी तसा आवाज येऊ लागला आणि त्याचा छडा लावण्यासाठी मी हा संच मागवला. त्यात मोबाइलच्या कॅमेऱ्याला चिमट्याने लावायचे भिंग, त्यावर बसणारी नारिंगी काच, लाल उजेडाची विजेरी, आमिष ठेवायची पारदर्शक सापळा-नळी आणि एक रंगीत ओळखतक्ता एवढ्या वस्तू येतात. चार महिन्यांच्या वापरानंतर मी असे म्हणेन, की संच घ्यायचा तो भिंग, काच आणि विजेरी यांच्यासाठी. सापळा यथातथा आहे आणि तक्ता तर चक्क दिशाभूल करतो.

विजेरीने पहिल्याच आठवड्यात पैसे वसूल केले. लाल प्रकाश पाण्यात फार खोल जात नाही, त्यामुळे पुष्कळ सागरी जीवांच्या डोळ्यांना तो फारसा जाणवत नाही. पांढरा उजेड पडताच क्षणात रिकामा होणारा खडक लाल उजेडात निवांत गजबजलेला दिसतो, फक्त टाकीचे दिवे मालवून तासभर थांबण्याचा धीर हवा. टिचकीच्या आवाजाचे संशयित दोन होते. मँटिस कोळंबीचे डोळे देठांवर असतात आणि पुढचे अवयव प्रार्थनाकीटकासारखे दुमडलेले असतात. तिच्या मोरपंखी जातीच्या फटक्याचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत मोजला गेला आहे. पिस्तूल कोळंबीची एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी असते आणि ती मिटताना तयार होणारा बुडबुडा फुटून आवाज होतो. चौथ्या रात्री भोकातून बाहेर आली ती एकच जाडजूड नांगी. माझा जीव भांड्यात पडला, कारण मँटिस असती तर गोगलगायींची खैर नव्हती.

भिंग उत्तम आहे, पण त्याच्या कलाने घ्यावे लागते. मोबाइल काचेला अगदी सरळ टेकवला नाही तर चित्र फाकते, पंप चालू असेल तर सगळे हलते आणि मोबाइलचे जाड आवरण काढल्याशिवाय चिमटा नीट बसत नाही. नारिंगी काच नसती तर निळ्या दिव्यांखाली काढलेले प्रत्येक छायाचित्र शाईत बुडवल्यासारखे आले असते. हे सगळे जमले की मात्र नुसत्या डोळ्यांना न दिसणारे फरक स्पष्ट होतात. काचेवरचे पांढरे ठिपके म्हणजे चुन्याच्या चिमुकल्या वेटोळ्यांत राहणारे निरुपद्रवी स्पायरॉर्बिड किडे असल्याचे भिंगातून लगेच कळले, तर खडकावरच्या एका नळीच्या तोंडाशी चिकट धाग्यांचे जाळे दिसले आणि ती व्हर्मेटिड गोगलगाय ठरली. हे जाळे शेजारच्या प्रवाळांना त्रासदायक होऊ शकते, म्हणून ती नळी मी बुजवली.

ओळखतक्त्याने मला तोंडघशी पाडले ते इथेच. एका रात्री काचेवर बोटाच्या पेराएवढा, गोगलगायीसारखा मऊ आणि ठिपकेदार जीव सरपटताना दिसला. तक्त्यावर तशाच रंगाच्या चित्राखाली ‘प्रवाळभक्षक, ताबडतोब काढा’ असे छापले होते. मी चिमट्याने धरताच त्याने शेपटाकडचा तुकडा तोडून टाकला आणि तो तुकडा वळवळत असताना स्वतः खडकाआड पसार झाला. नंतर आधीच काढून ठेवलेले छायाचित्र मोठे करून पाहिले, तर पाठीवर नखाएवढे, कानाच्या आकाराचे कवच होते. ती स्टोमाटेला नावाची गोगलगाय होती, शेवाळ खाऊन काच स्वच्छ ठेवणारी! तक्ता रंगावरून निवाडा करतो, आकारावरून किंवा वागण्यावरून नाही. ऐप्टेशिया या उपद्रवी समुद्रफुलाबद्दल तर तो ‘खरवडून काढा’ असा सल्ला देतो, आणि खडकावर उरलेल्या तिच्या बारीकशा तुकड्यातूनही नवी ऐप्टेशिया उगवते.

सापळ्यात पहिल्या रात्री कोळंबीचा तुकडा ठेवला, तेव्हा सकाळी सात ब्रिसल वर्म, म्हणजे काटेरी किडे, आत होते. टाकीतले उरलेसुरले अन्न फस्त करणारे हे साधे सफाई कामगार आहेत. मात्र त्यांचे काटे बोटात रुततात आणि चिकटपट्टी लावून काढावे लागतात. ज्याच्यासाठी सापळा लावला होता तो काळ्या टोकदार नांग्यांचा केसाळ खेकडा एकदाही फिरकला नाही. शेवटी खडक बाहेर काढूनच त्याला हुसकावावे लागले. २००९ साली इंग्लंडमधील न्यूकी येथील मत्स्यालयात प्रवाळांची नासधूस करणारा सुमारे चार फुटांचा सागरी किडासुद्धा टाकीची मांडणी मोडल्यावरच सापडला होता, हे आठवून मी स्वतःचे समाधान करून घेतले. खेकडा दिसला की हाकला, हा तक्त्याचा सरसकट आदेशही धोक्याचा आहे, कारण ट्रॅपेझिया जातीचे छोटे खेकडे ज्या प्रवाळावर राहतात त्याचे शत्रूंपासून रक्षण करतात.

तक्त्याची मागची बाजू कोरी असून पाण्याने भिजत नाही, एवढी एक सोय त्यात आहे. तिथे मी दिसलेल्या जीवांची वेळ, भोक आणि त्यांनी काय खाल्ले ते टिपून ठेवतो. कालची नोंद अशी आहे: रात्री सव्वाअकरा, उजवीकडचे खालचे भोक, दोन लांब पांढऱ्या मिशा, आमिषाला शिवले नाही, नाव अजून नाही.