यंत्रावर 'डेंजर' लावायचं की 'वॉर्निंग'?

सुरक्षा-फलकांचं अमेरिकी मानक अन्सी झेड५३५, त्यात दोन्ही शब्द मृत्यू किंवा गंभीर इजेबद्दलच आहेत. फरक शक्यतेचा. काळजी न घेतल्यास इजा होणारच, तर 'डेंजर': लाल पट्टी, पांढरी अक्षरं. होऊ शकते, तर 'वॉर्निंग': नारिंगी पट्टी, काळी अक्षरं.

दोन्ही फलकांचा खर्च जवळपास सारखाच. खरा प्रश्न टिकण्याचा, आणि तोही रंग टिकण्याचा नव्हे, धाक टिकण्याचा: सगळीकडे 'डेंजर' चिकटवलं की कामगार ते वाचणंच सोडतात.

उघड्या जिवंत वीजवाहिनीला 'डेंजर'च हवं. यंत्राच्या कव्हर असलेल्या फिरत्या पट्ट्याला (बेल्टला), जिथे कव्हर काढल्यावरच हात अडकू शकतो, 'वॉर्निंग' योग्य. मराठीत अनुक्रमे 'धोका' आणि 'इशारा' लिहा. दोन्हीकडे 'सावधान' लिहिलं की हा फरकच पुसला जातो.