फ्लश डोअरचं वर्कबेंच : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

बाथरूमसाठी बनवलेलं दार गेले चौदा महिने माझ्या गॅरेजमध्ये कामाचं टेबल म्हणून आडवं पडलंय आणि त्यावर मी रोज ठोकाठोकी करतोय. गॅरेज म्हणजे कोल्हापुरातल्या रो-हाउसचं पार्किंग. एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला उरलेली सव्वातीन फुटांची पट्टी. कामं घरगुतीच: दुचाकीची देखभाल, थोडं सुतारकाम, कधीमधी ग्राइंडर. वडिलांची चार इंची व्हाइस (वस्तू जबड्यात घट्ट धरणारा शिकंजा) वीस वर्षं माळ्यावर पडून होती. तिला बसायला जागा हवी, इथून हे सगळं सुरू झालं.

आधी डोक्यात सागवान होतं. वखारीत दोन इंच जाडीच्या फळ्यांचा भाव ऐकला आणि गुमान घरी आलो, नुसतं लाकूडच दहा हजारांच्या पुढे जात होतं. कडप्पा स्वस्त आणि सपाट, पण त्यावर हातोडी मारायची सोय नाही, कोपरा उडालाच म्हणून समजा. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) गुळगुळीत आणि परवडणारा, पण आमच्याकडे जुलैत पार्किंगच्या भिंतींनासुद्धा घाम फुटतो. ओल लागली की एमडीएफच्या कडा पावासारख्या फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. राहिला प्लाय. १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय (आयएस ७१० या भारतीय मानकाचा) उत्तमच, पण एकेरी लावला तर मध्ये लवतो आणि दोन थर फेविकॉलने चिकटवायचे तर खर्च दुप्पट.

इथे थोडं गणित सांगतो, कारण माझा निर्णय त्यावरच झाला. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट तर ताठपणा आठपट. लाकूड साधारण सारखं धरलं तर ३० मिलिमीटरची फळी १९ च्या जवळपास चौपट ताठ. आणि ३० मिलिमीटरमध्ये बाजारात सर्वांत स्वस्त, तयार आणि चारी बाजूंनी काटकोनात मिळणारी वस्तू म्हणजे भरीव फ्लश डोअर, दोन्ही बाजूंनी सपाट असलेलं दार. ७८ बाय ३० इंच हे तयार माप होतं, त्यामुळे कापाकापी नाही. मला २,०५० रुपयांना पडलं.

घेताना दोन गोष्टी केल्या. आयएस २२०२ चा, म्हणजे फ्लश डोअरच्या मानकाचा, शिक्का पाहिला, आणि दार दुकानातच आडवं टाकून दोन दोऱ्या कोपऱ्यातून कोपऱ्यात ताणल्या. मधोमध दोऱ्या एकमेकींना जेमतेम टेकल्या तर दाराला पीळ नाही. मग कोपऱ्यांची जोडी बदलून, वरची दोरी खाली घेऊन पुन्हा पाहायचं. तिसरं दार पास झालं. त्यानंतर मी बोटांनी टकटक करत पोकळ आवाज शोधायला लागलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, "अहो, नारळ घेताय का दार?" मी ओशाळलो आणि अर्ध्यावर थांबलो. थांबायला नको होतं, ते पुढे येतंच आहे.

सांगाडा शिरोलीकडच्या भंगारातल्या ४० बाय ४० मिलिमीटरच्या लोखंडी अँगलचा. साधारण ४८ किलो भरला, २,३०० रुपये. वेल्डिंगचे १,५००. वरच्या चौकटीत दोन आडवे अँगल जास्तीचे घ्यायला लावले, त्यामुळे दाराखाली आधाराशिवाय सव्वादोन फुटांहून जास्त लांबी कुठेच नाही. उंची ३४ इंच, हात मोकळा सोडल्यावर मनगट जिथे येतं तिथे. वेल्डर दार पाहून म्हणाला, "साहेब, दार आडवं पाडलंय व्हय? मग चौकट कशाला?" तरी सांगाडा गुण्यात केला त्याने. त्याबद्दल तक्रार नाही.

पहिला घोटाळा व्हाइसचा. भरीव फ्लश डोअर म्हणजे आतून एकसंध लाकूड नव्हे. कडेने दोनेक इंच रुंदीची चांगल्या लाकडाची चौकट, आत पट्ट्यांचं भरण आणि वरखाली प्लायचे पातळ थर. स्वस्त दारात त्या पट्ट्यांमध्ये फटी असतात. व्हाइस मी नियमाप्रमाणे पायाच्या डोक्यावर, कोपऱ्यात बसवली. मागचा जबडा कडेच्या किंचित बाहेर ठेवला, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. पुढचे बोल्ट चौकटीच्या लाकडात गेले, मागचा मात्र भरणात. दोन महिन्यांत कानस मारताना व्हाइस डुलायला लागली. बोल्ट आवळला की घट्ट, आठवड्याने परत ढिला. शेवटी खाली आडवा होऊन टॉर्च मारला तर वायसर प्लाय चिरडून अर्धा आत रुतलेला. बोल्ट काढून भोकात तार घातली, ती बाजूला चक्क एक इंच सरकली. बरोबर फटीवर भोक पाडलं होतं. टकटक पूर्ण केली असती तर कळलं असतं.

दुरुस्ती अशी: भोक मोठं करून त्यात बाभळीची खुंटी अॅराल्डाइटने बसवली, फटीतही जाईल तेवढं अॅराल्डाइट ओतलं. दुसऱ्या दिवशी खुंटीच्या मधोमध नवं भोक. खाली वायसरऐवजी सगळ्या बोल्टांना मिळून एकच सहा मिलिमीटरची लोखंडी पट्टी. त्यानंतर बोल्ट एकदाही आवळावा लागलेला नाही. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर फार तर शंभर रुपये गेले असते.

दुसरा घोटाळा निव्वळ आळसाचा. वरच्या बाजूला जवसाच्या तेलाचे तीन हात दिले आणि कडांना पॉलिश. खालची बाजू कोरी ठेवली, कोण बघतंय म्हणून. जुलैत खालून ओल शिरली, खालचा थर फुगला आणि दाराचं ताट झालं: पुढची-मागची कड वर, मध्ये खोल. अॅल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवली तर मधल्या फटीतून रुपयाचं नाणं आरामात सरकलं. नट-बोल्टच्या कामाला फरक पडत नाही, पण फळी रंधताना ती मध्ये डुगडुगते. पाऊस गेल्यावर नोव्हेंबरपर्यंत दार बरंचसं सरळ झालं. तेव्हा ते उलटं करून खालच्या बाजूला पॉलिशचे दोन हात मारले. जाता जाता एक सांगतो: तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी ती पसरून वाळवतो, मगच टाकतो.

दारावर थेट काम करतच नाही. वर तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड (लाकडाच्या लगद्याचा दाबलेला पातळ बोर्ड), नुसत्या कडेच्या बारा बारीक स्क्रूंवर, चिकटवलेला नाही. पहिला तुकडा कोरडाच ठोकला होता, पावसाळ्यात पापडासारखा फुगे धरून बसला. दुसऱ्या वेळी खडबडीत बाजूला पाणी शिंपडून रात्रभर ठेवला आणि मग लावला. तो आधीच वाढलेला असतो, वाळला की ताणून बसतो. त्यावर ऑइल सांडलं, पटाशीचे वार बसले, चेन धुताना केरोसीन मुरलं. खराब झाला की स्क्रू काढून बदलायचा. अख्ख्या शीटला मला ५५० रुपये पडले. ग्राइंडर चालवताना वर जुना पत्रा टाकतो, कारण ठिणगी हार्डबोर्डात शिरली तर धुमसत राहते.

एकूण ६,४०० रुपये, व्हाइसची दुरुस्ती आणि पॉलिश वेगळं. ऐरण ठेवून घण मारणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, त्यांना जाड लाकूडच हवं. दार कापून लहान करायचं असेल तरी विचार करा, कापलेल्या बाजूची चौकट जाते आणि भरण उघडं पडतं. माझ्या वापरात मात्र दुचाकीचं इंजिन या दारावर आठवडाभर पडून होतं आणि पट्टी लावून पाहिली तर काही लवलेलं नव्हतं.

परवा पहिला पाऊस झाला. पट्टी आडवी ठेवून नाणं सरकवून पाहिलं, अजून तरी आत जात नाही. जुलैअखेर पुन्हा बघेन.