एक रुपयाचा तानपुरा

मालकंस रागात पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार मध्यमाला लावावी लागते. फोनमधल्या तानपुऱ्याच्या फुकट अॅपमध्ये ‘प’ उघडा होता आणि ‘म’वर कुलूप होतं. त्या कुलपापायी माझ्या मावशीचे एकोणीस हजारांवर रुपये गेले. तिला विचारूनच लिहितोय. “नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही, आकड्यांसकट,” असा तिचा हुकूम आहे.

मावशी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या बाजूला राहते. मुलगी असताना माधव संगीत महाविद्यालयात शिकली, पुढे नोकरी-संसारात गाणं मागे पडलं, निवृत्त झाल्यावर पुन्हा सुरू केलं. घरी जुना तानपुरा आहे, पण जवारी (घोडी घासून तारांना आणलेली गुंज) गेलेली आणि भोपळ्याला तडा. (युनेस्कोने २०२३ मध्ये ग्वाल्हेरला संगीताच्या शहरांत घेतलं खरं, पण जवारी काढून देणारा माणूस शोधायला निघा म्हणजे कळेल.) गाण्याच्या वर्गातल्या कुणीतरी हे अॅप सुचवलं. आवाज वाईट नव्हता, हे कबूल करायला हवं. मावशीच्या काळी चार पट्टीत जोडाच्या आणि खर्जाच्या तारा अगदी नीट लागायच्या.

‘म’वर बोट ठेवलं की एक पान उघडायचं. मध्ये भलंमोठं केशरी बटण: ‘फक्त ₹१ मध्ये सुरू करा’. त्याच्या खाली, करड्या रंगावर त्याहून जरा गडद करड्या अक्षरांत: तीन दिवसांनंतर दर आठवड्याला ₹३४९, रद्द करेपर्यंत. मी चष्मा लावूनही फोन डोळ्यांजवळ नेला तेव्हा वाचता आलं. बटण दाबलं की सरळ यूपीआयचं पान आणि पिन.

या पिनच्या पानाविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. नेहमी आपण पिन टाकतो तेव्हा समोर दिसते तेवढी रक्कम जाते आणि व्यवहार संपतो. इथे मात्र वर बारीक अक्षरांत ‘ऑटोपे’ लिहिलेलं असतं. म्हणजे तुम्ही एक रुपया देत नसता, समोरच्याला तुमच्या खात्यातून पुन्हा पुन्हा पैसे काढायची मुभा देत असता. २०२० पासून ही सोय आहे, आणि विजेचं बिल, विमा, एसआयपी यांना ती उपयोगाचीही आहे. पण एकदा पिन टाकला की पुढचे हप्ते १५,००० रुपयांपर्यंत पिन न विचारता जातात. त्याच पानावर कमाल रक्कम, किती दिवसांनी कापणार आणि मुदत लिहिलेली असते. मावशीच्या मुदतीत २०५३ साल होतं. तोवर ती नव्वदी पार करून गेलेली असेल.

पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी कळवणं नियमाने बंधनकारक आहे. कळवलंही होतं, इंग्रजीत, कर्जाच्या आणि रमीच्या जाहिरातींच्या मेसेजांमध्ये. चार आठवडे ३४९ गेले. पासबुक भरायला बँकेत गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं. घरी येऊन तिने अॅप फोनमधून काढून टाकलं आणि निर्धास्त झाली. पण अॅप उडवल्याने ऑटोपे बंद होत नाही. प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्येही काही दिसलं नाही, कारण ही वसुली थेट यूपीआयवरून चालली होती. पुढच्या हप्त्याची सूचना आली तशी मावशी खवळली, आणि अॅपचं नाव टाकून गूगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधला.

इथून दुसरा चोर. त्या अॅपचा फोन नंबर असा कुठे नव्हताच, फक्त ईमेल होता. शोधात वर आलेला नंबर भामट्यांचा. असे नंबर ते नकाशांवर, अॅपखालच्या अभिप्रायांत, प्रश्नोत्तरांत पेरून ठेवतात, आणि चिडलेला माणूस आपल्या पायांनी त्यांच्याकडे जातो. पलीकडचा मुलगा फार अदबीने बोलला. “माताजी, आपका पूरा पैसा वापस होगा.” त्याने तिला यूपीआय उघडायला लावलं, एक आयडी टाकायला सांगितला. त्या आयडीतच ‘रिफंड’ हा शब्द होता. मग म्हणाला, रकमेच्या चौकोनात रिफंड कोड टाका: एक-सात-आठ-चार-छह. मावशीने विचारलंही, की ही तर रक्कम दिसतेय. “अमाउंट नहीं है माताजी, कोड है. कोड डालेंगे तभी तो सिस्टम पहचानेगा.” पिन टाकला आणि १७,८४६ रुपये गेले. आयडीखाली बँकेत नोंदलेलं खरं नाव दिसत होतं, कुणा भलत्याच माणसाचं. पण कानाशी कोणी अखंड बोलत असताना ते वाचायचं कधी? लगेच “कोड फेल हो गया, दोबारा डालिए” असं आलं तेव्हा तिने फोन आपटला आणि मला लावला.

मी ग्वाल्हेरातच, मुरारला राहतो. तिला फोनवरच सांगितलं की आधी १९३० लाव, तोवर मी निघतो. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. लाइन लागायला चिकाटी लागते, पण सोडू नका. त्यांना बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक हवा असतो. तो यूपीआयच्या इतिहासात त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. घाई अशासाठी, की पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात आणि जिथे सापडतील तिथे गोठवता येतात. आमचे सहा हजारांच्या आसपास सापडले, बाकीचे पुढे गेले होते. बँकेतही लेखी तक्रार देऊन पोच घेतली. तिथे ऐकावं लागलं की पिन तुम्हीच टाकला, तेव्हा तक्रारीआधीचं नुकसान तुमचं. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक त्यांनी पुढे केलं आणि त्यात तसं आहेही. तक्रार नोंदवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेवर, हेही त्यातच आहे. बँकेचा माणूस ते वाक्य वाचायचं विसरला.

ऑटोपे मी तिच्या यूपीआय अॅपमधून रद्द केला. तिथे ऑटोपे किंवा मँडेट नावाचा विभाग असतो, चालू असलेले सगळे त्यात दिसतात. मावशीच्या यादीत आणखी एक निघाला, भरतकामाचे नमुने दाखवणाऱ्या अॅपचा. त्याचे पैसे कापले जायचे होते.

फोनवरचा मुलगा चोर होता, त्याबद्दल दुमत नाही. मला राग मात्र केशरी बटणवाल्यांचा जास्त येतो. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’चे, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीचे, तेरा प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातली, त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, म्हणजे वर्गणीत अडकवणं, आहे. तो आधार घेऊन आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर त्यांचीही तक्रार केली. ‘ग्राहकाने अटी मान्य केल्या होत्या’ असं छापील उत्तर आलं. पुन्हा लिहिल्यावर दोन हप्ते परत केले, बाकीच्या दोनांबद्दल मौन.

गोठलेले सहा हजार अजून हातात नाहीत. तुमच्यावर अशी वेळ आली तर १९३० वरून आलेला तक्रार क्रमांकाचा मेसेज पुसू नका. बँक, ठाणं, पुन्हा बँक, जिथे जाल तिथे पहिल्यांदा तोच मागतात, आणि मावशीने तो जाहिरातींबरोबर उडवला होता.