यावल (जळगाव) पट्ट्यातले बोअर सर्वे आणि भूजल रिचार्जवाले, ४ स्टार

आमच्याकडे बोअर म्हटला की आधी पाणाड्या, हातावर नारळ, मग डायरेक्ट गाडी. यावेळी भावाच्या आग्रहाने सर्वेवाली पोरं बोलावली, नाव टाकत नाही, उगाच जाहिरात वाटायची.

आल्या आल्या मशीन नाही काढलं त्यांनी, आधी आमच्या अन् शेजारच्या बोअर-विहिरींत टेप सोडून पातळी मोजली, मोटर बंद असतानाची वेगळी, चालू असतानाची वेगळी, अन् कोणाची मोटर लावल्यावर कोणाचं पाणी उतरतं तेही बघितलं. हे लई आवडलं. जीएसडीए, म्हणजे राज्याची भूजल सर्वेक्षणवाली यंत्रणा, वर्षातून चारदा निरीक्षण विहिरी मोजते पण त्या मोजक्याच, आपल्या मळ्याची वही आपणच ठेवायची.

मग सळ्या ठोकून करंट सोडला, रेझिस्टिव्हिटी, म्हणजे जमीन करंटला किती अडवते ते मोजायचं. इथं भो अपेक्षा कमी ठेवा. तापीच्या उत्तरेला आपला सगळा गाळाचा पट्टा, त्यात चिकणमातीही कमी रेझिस्टन्स दाखवते अन् खारं पाणीही, म्हणून नुसत्या आकड्यावर छातीठोक पॉइंट देता येत नाही असं पोरं स्वतःच बोलली, कोण बोलतं असं? सौराष्ट्राच्या किनाऱ्याला उपसा वाढला की समुद्राचं पाणी आत शिरतं, तिथं निदान जिभेला तरी कळतं, आपण मात्र पातळी खाली गेली की नुसते पाईप जोडत जातो. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरलाच खोल विहीर धरलीये, आपल्याकडे तेवढ्यात मोटर तरी बुडते का!

शेवटी म्हणाले नवा बोअर घेऊच नका, कोरड्या विहिरीत रिचार्ज करा. बाबा भडकले, "नाही सांगायचे पण पैसे घेता का?" पण काम केलं. नाल्याचं पाणी आधी गाळ बसायच्या खड्ड्यात, मग गोटे-खडी-वाळूच्या फिल्टरमधून विहिरीत, केळीतलं खता-औषधाचं पाणी अजिबात सोडायचं नाही. सातपुड्याच्या पायथ्याला असाल तर जमीनच गोट्या-वाळूची, पाणी पटकन मुरतं, अजून फायदा. तापी खोऱ्यात पाणी जमिनीत मुरवायची सरकारी योजना, मेगा रिचार्ज, तिचा मध्य प्रदेशसोबत करार मे २०२५ मध्ये झाला, ते पाणी येईल तेव्हा येईल.

एक स्टार कापला कारण रिपोर्ट सगळा इंग्रजीत, अन् गाडीभाडं नंतर लावलं. फिल्टरची वाळू कधी धुवायची तेही फोन करून विचारावं लागलं. बोलवायचं तर उन्हाळ्यातच बोलवा, पातळी तेव्हा खरी कळते अन् पाऊस लागल्यावर खड्डा खोदायला जेसीबी मळ्यात शिरत नाही.