मांडीची कातडी की पोटाची चरबी?

नडगीवरची जखम अडून बसली असेल आणि सर्जननी तुमच्यापुढे दोन वाटा ठेवल्या असतील, तर मी दोन्हींवरून जाऊन आलोय.

पावसाळ्यात वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात स्कूटर घसरली आणि उजव्या नडगीची तळहाताएवढी कातडी गेली. तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. स्किन ग्राफ्ट झालं, म्हणजे मांडीची पातळ कातडी काढून नडगीवर लावली, आणि ते छान धरलं. पाच दिवस पाय हलवायचा नाही, मग पट्टी सोडली तर खाली गुलाबी कातडी. मोठी जखम इतक्या झटपट झाकणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

पण मांडी! ग्राफ्टच्या गप्पांत तिचं नाव कोणी काढत नाही. पातळ पापुद्रा सोलून घेतात तिथे खरचटल्यासारखं लाल, ओलं राहतं, फक्त वीतभर. नडगीनं फारसा त्रास दिलाच नाही. रात्र रात्र जागवलं ते मांडीनं. जाळीची पट्टी वाळून पापडासारखी होते, कूस बदलली की ओढते, आणि ती उपटायची नाही, आपसूक सुटेपर्यंत थांबायचं. अठरा दिवस पंचा नेसून काढले. मग खाज. नवरात्रात अख्खी सोसायटी गरब्याला आणि मी पंख्याखाली मांडी धरून.

एवढं करून ग्राफ्टच्या खालच्या टोकाला रुपयाएवढी जागा भरेना. तीन महिने ड्रेसिंग चाललं. सर्जन म्हणाले, दुसऱ्या मांडीवरून छोटं ग्राफ्ट घेऊ, नाहीतर नॅनोफॅट, म्हणजे पोटाची चरबी पातळ करून टोचणं, करून बघू. ‘दुसऱ्या मांडीवरून’ एवढं ऐकलं आणि माझं ठरलं.

शेव-उसळीवर पोसलेल्या पोटात माल भरपूर होता. जागा बधिर करून बारीक नळीनं चरबी ओढली, दोन सिरिंजमधून इकडून तिकडे घुसळून पातळ केली, गाळली आणि जखमेच्या कडेनं टोचली. घुसळण्यात चरबीच्या पेशी बहुतेक मरतात. उरतात त्यात मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात. चरबीत त्या असतात हे 2001 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. त्या स्वतः कातडी होण्यापेक्षा नव्या रक्तवाहिन्यांना बोलावण्याचं काम जास्त करतात असं मानतात. म्हणून घाई असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये: माझी रुपयाएवढी जागा भरायला सात आठवडे लागले. नुसत्या ड्रेसिंगनं तेवढ्यात भरली असती का, हे मी छातीठोक सांगणार नाही.

साखर वाढलेली असेल, पायाला रक्त पोचत नसेल किंवा जखमेत पू असेल, तर आधी तेच निस्तरावं लागतं. आणि एक लक्षात ठेवा: आपलीच चरबी त्याच बैठकीत परत टोचणं वेगळं, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी वेगळ्या. 2017च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे जखमेवर अशा पेशी फक्त मान्यता मिळालेल्या वैद्यकीय चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) वापरता येतात, आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. कुणी ‘स्टेम सेल पॅकेज’चा आकडा सांगितला तर चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा.

तळहाताएवढी जखम असेल तर मीही पुन्हा मांडीच पुढे करीन, दात-ओठ खात. त्याहून लहान, हट्टी जखमेला मात्र पोट. ते आठवडाभर निळं-जांभळं होतं, हसलं की दुखायचं, मग मी विसरूनही गेलो. मांडीवरचा चौकोनी डाग मात्र हाफ पँट घातली की अजून दिसतो.