दापोली तालुक्यातील शाळेत ‘कोलिब्री’ : एक परीक्षण

‘लर्निंग इक्वॅलिटी’ या अमेरिकेतील ना-नफा संस्थेची ‘कोलिब्री’ ही शिक्षणसाहित्य आणि चाचण्यांची संगणक प्रणाली इंटरनेट नसलेल्या शाळांसाठीच घडवलेली आहे. खान अकादमीचे व्हिडिओ इंटरनेटविना दाखवणाऱ्या ‘केए लाइट’ या २०१२ मधील उपक्रमातून ती पुढे आली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात वीज आणि मोबाइल दोन्ही कित्येक दिवस बंद असताना ‘ऑनलाइन शिक्षण’ किती पोकळ ठरले, हे ज्यांनी पाहिले त्यांना अशा प्रणालीचे मोल वेगळे सांगायला नको.

आमच्या वाडीतील जिल्हा परिषद शाळेत ती बसली वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाच्या देणगीतून. प्रणाली मोफत असल्याने खर्च झाला तो तळहाताएवढा रास्पबेरी पाय संगणक, राउटर आणि काही टॅब यांवर. मुले टॅबवर ब्राउझर उघडतात आणि सगळे साहित्य वर्गातल्या त्या छोट्या संगणकातूनच येते. चिऱ्याच्या जाड भिंतीमुळे वायफाय पडवीपर्यंत पोहोचत नसे. राउटर खिडकीच्या फळीवर ठेवल्यावर ती अडचण संपली. विजेचे दुखणे मात्र मोठे आहे, कारण चालू असताना अचानक वीज गेली की मेमरी कार्डावरील माहिती बिघडू शकते. मिरगानंतर इन्व्हर्टरशिवाय हे यंत्र लावूच नये.

साहित्यापैकी सर्वाधिक वापर होतो तो प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरील बालगोष्टींचा. त्या वाचनाच्या चार पातळ्यांत विभागलेल्या असल्याने चौथीतल्या अडखळत वाचणाऱ्या मुलालाही पहिल्या पातळीपासून निमूटपणे सुरुवात करता येते. ‘फेट’ या पडद्यावर करायच्या विज्ञान प्रयोगांच्या प्रतिकृतींत तारा जोडून दिवा पेटवण्याचा खेळ मुलांना आवडतो. वरच्या इयत्तांसाठीचे मराठी साहित्य मात्र इंग्रजीच्या मानाने तोकडे आहे, आणि नुसते व्हिडिओ दाखवायचे असतील तर एवढा खटाटोप कशाला, असेही वाटून जाते.

माझ्या मते कोलिब्रीचा खरा गुण शिक्षकांच्या पानावर आहे. कोणत्या प्रश्नावर किती मुले अडली, हे तिथे नावानिशी दिसते. बाईंनी मराठीत तयार केलेल्या अपूर्णांकांच्या चाचणीत एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश याचे उत्तर अनेकांनी दोन सप्तमांश दिले होते, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला होता. वह्या तपासतानाही ही चूक सापडली असती; पण ती सगळ्यांची एकच आहे, हे त्याच तासाला कळल्यामुळे दुसऱ्या दिवशी बाईंनी पुढचा धडा बाजूला ठेवून भाकरीचे तुकडे करून छेद समजावले.

असे स्वतःचे प्रश्न रचण्यासाठी ‘कोलिब्री स्टुडिओ’ वापरावा लागतो आणि तो इंटरनेटवरच चालतो, त्यामुळे हे काम बाई दापोलीला घरी करतात आणि पेनड्राइव्हवरून शाळेत उतरवतात. देणगीदारांनी टॅबची संख्या वाढवण्यापूर्वी या कामासाठी शिक्षकांना वेळ मिळतो का, एवढे विचारावे. एका संगणकावरील साहित्य त्याच नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकाला थेट घेता येते, तेव्हा आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेला येताना शेजारच्या शाळांनी आपापले यंत्र सोबत आणले तरी एका शाळेने रचलेल्या चाचण्या सर्वांकडे पोहोचतील.